देव मानणं आपल्या हातात असतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातून कमी आणि घरातून जास्त येतो. लग्न ठरल्यावर देवीच्या गोंधळाचा विषय निघतो तेव्हा येतो, घरात अवेळी मरण येतं तेव्हा येतो, नाहीतर लातूरला, संभाजीनगरला शिकायला गेलेलं लेकरू दिवाळीत घरी येऊन आरतीला उभं राहत नाही तेव्हा येतो. देव आहे की नाही याचा निकाल इथे लावलेला नाही. मानायचं की नाही हे माणसाला ठरवता येतं का, किती येतं, आणि ठरवलंच तर पुढे काय करायचं, एवढाच विषय आहे.

एका वाक्यात सांगा: देवावर विश्वास ठेवायचा हे ठरवता येतं का?

पटणं ठरवता येत नाही, मानणं ठरवता येतं.

मराठीने हा भेद आधीच करून ठेवलाय, रोजच्या बोलण्यात असल्यामुळे तो लक्षात येत नाही इतकंच. 'मला पटलं', 'माझा विश्वास बसला', 'श्रद्धा जडली', 'विश्वास उडाला' या वाक्यांत माणूस काहीच करत नाही. विश्वास पाखरासारखा येऊन बसतो आणि तसाच उडतो. 'मी देव मानतो', 'मी विश्वास ठेवला', 'मी माळ घातली' यांत मात्र कर्ता माणूस आहे. या दोन्हींच्या मधोमध आणखी एक प्रयोग आहे: 'धरून चालणं'. या प्रश्नाने ज्यांची झोप उडते त्यांचा निम्मा घोळ हे तीन एकच समजल्यामुळे झालेला असतो.

पण मन खंबीर केलं तर पटवून घेता येणार नाही का?

एक प्रयोग करून पाहा. पैठणला नाथसागराच्या २७ दरवाजांतून पाणी सुटलंय, गोदावरी दुथडी भरून चाललीय, आणि तुम्ही काठावर उभे आहात. शेजारचा म्हणाला, 'धरण कोरडं आहे यावर एक मिनिट खरोखर विश्वास ठेव, दहा हजार देतो.' तुम्हाला 'धरण कोरडं आहे' असं म्हणता येईल. डोळे मिटून भेगाळलेला तळ डोळ्यासमोर आणता येईल. पण विश्वास बसणार नाही, मग बक्षीस एक लाखाचं करा. यात मनाचा कमकुवतपणा नाही. विश्वास म्हणजे 'हे असं आहे' असं दिसणं, आणि तो मी दहा हजारांसाठी उचलला हे मलाच माहीत असेल, तर तो धरणाकडून आलेला नाही हेही मलाच माहीत असतं. गेल्या शतकातला ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स याने हाच मुद्दा मांडला.

आपल्याकडे तो कितीतरी आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात मांडलाय. क्रिया माणसाच्या हातात: घोड्यावरून जा, पायी जा, नाहीतर जाऊच नका. ज्ञान तसं नाही. समोर खुंट असेल तर 'खुंट म्हणू की माणूस म्हणू' अशी निवड करून खरं ज्ञान होत नाही. पुढे ते आणखी बारकाईत शिरतात. पुरुषाला अग्नी मानून उपासना करायला श्रुती सांगते, ते करणं माणसाच्या अधीन आहे, कारण ती मनाची क्रिया आहे. पण समोरच्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या अग्नीला अग्नी म्हणून ओळखणं कुणाच्या आज्ञेवरही नाही आणि माणसाच्या मर्जीवरही नाही. पहिल्याला त्यांचा शब्द 'पुरुषतंत्र', म्हणजे माणसाच्या अधीन, दुसऱ्याला 'वस्तुतंत्र', म्हणजे वस्तूच्या अधीन. मानणं आणि पटणं यांची इतकी स्वच्छ फोड दुसरीकडे क्वचित सापडते.

देवाचा प्रश्न धरणासारखा उघडा कुठे आहे? दोन्ही बाजू सारख्या असतील तर मन जिकडे ओढेल तिकडे जायला काय हरकत?

हा आक्षेप रास्त आहे. १८७७ मध्ये क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की पुरेसा पुरावा नसताना विश्वास ठेवणं केव्हाही, कुणालाही चूकच. त्याने उदाहरण दिलं जहाजमालकाचं. जहाज जुनं झालंय हे मनात येत असूनही त्याने शंका दाबली, 'काही होत नाही' असा स्वतःचा प्रामाणिक समज करून घेतला, आणि प्रवासी बुडाले. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, असं क्लिफर्डचं म्हणणं. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं: पर्याय जिवंत असेल, टाळता येत नसेल, मोलाचा असेल आणि पुराव्याने निकाल लागणारच नसेल, तर मनाचा कौल घ्यायला माणसाला हक्क आहे. यातला 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा. अंबडच्या माणसाला ग्रीकांचा झ्यूस मानायचा का, हा प्रश्न कधी पडतच नाही. त्याच्यापुढे खंडोबा असतो, विठ्ठल असतो, अल्ला असतो, बुद्धाची वाट असते, किंवा यांतलं काहीच नको असं असतं.

आमच्या मते जेम्सने दिलेली मोकळीक खरी आहे, पण लोक समजतात तेवढी ऐसपैस नाही. तराजू अगदी बरोबरीत असला तरी ठरवून हातात पडतं ते 'धरून चालणं'. पटणं त्यातून लगेच येत नाही.

'धरून चालणं' म्हणजे नेमकं काय? ते ढोंगच नाही का?

जूनचा तिसरा आठवडा घ्या. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शिवारात पडलाय साठ. आभाळ भरलेलं, मृग संपत आलेला, शेजाऱ्याची तिफण चालू झालेली. हा माणूस पेरतो. पाऊस येईल असा त्याचा विश्वास बसलाय का? रात्री अडीचला बाहेर येऊन तो आभाळाकडे बघत असतो, त्यावरूनच उत्तर कळतं. विश्वास नाही, पण बियाण्याची बॅग आणि खताचं पोतं त्याने मातीत घातलंय. दुबार पेरणी आली तर भुर्दंड त्याचाच. हे धरून चालणं. त्यात फसवणूक कुठेच नाही.

ढोंग वेगळं, ते दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतं. ओळखायची खूण सोपी: कुणी बघत नसताना ते करता का? पेरणारा माणूस रस्त्यालगतचं रान पेरतो तसं ओढ्यापलीकडचंही पेरतो.

दिवा लावणारी, एकादशी धरणारी कित्येक माणसं अशीच असतात आणि 'आपण आतून खोटे' म्हणून स्वतःला खात बसतात. त्याची काही गरज नाही.

मला मनापासून मानायचंय, पण पटत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी काय अडलंय ते पाहा. 'देव आहे यालाच आधार दिसत नाही' ही एक अडचण. 'आहे, पण मी त्याच्यावर चिडलोय' ही दुसरी. 'सगळं करतो, पण आत काही हलत नाही' ही तिसरी. 'देवळातला बाजार आणि भक्तांचं वागणं बघून मन उठलं' ही चौथी. पहिलीसाठी वाचन आणि वाद लागतो: उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या बाजूने युक्तिवाद केलेत, बौद्धांनी आणि मीमांसकांनी विरुद्ध बाजूने. दुसरीला युक्तिवाद पाजून उपयोग नाही, तिथे वेळ जाऊ द्यावा लागतो. चौथीवर देऊळ बदलणं हा साधा इलाज आहे. खालचं सगळं मुख्यतः तिसरीसाठी.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पास्कल (मृत्यू १६६२) याच्या टिपणांत हाच माणूस येतो: 'मला पटतच नाही, काय करू?' पास्कल त्याला आणखी पुरावे देत नाही. ज्यांना विश्वास लाभलाय ते जे करतात ते कर, म्हणतो. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात आठ ते अकरा या चार श्लोकांत तर पायऱ्याच लावल्यात, त्याही वरून खाली. मन आणि बुद्धी माझ्या ठायी ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही झेपत नसेल तर माझ्यासाठी म्हणून कामं कर. तेही नाही, तर कर्माच्या फळावरचा हक्क सोड. पटण्याची अट पहिल्या पायरीवरच आहे. खाली येऊ तशी हाताने करायची कामं उरतात.

व्यवहारात असं करा. एकच गोष्ट निवडा, आणि ती लहान असू द्या. १०८ मण्यांच्या माळेवर 'रामकृष्णहरी' सावकाश म्हटलं तर एका मण्याला दोन-अडीच सेकंद लागतात, म्हणजे एक माळ पाच मिनिटांच्या आत होते. नाहीतर हरिपाठातला एकच अभंग घ्या, पूर्ण हरिपाठ पहिल्या दिवशी नको. मुसलमान असाल तर पाचही नमाजांचा संकल्प एकदम करण्याऐवजी एक वेळची चुकवू नका, बाकीच्या हळूहळू येतील. वेळ आणि जागा ठरलेली हवी. चहाच्या आधी, त्याच खिडकीपाशी. किती दिवस? लंडनमध्ये सवयींवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणून तीन महिने धरा.

दुसरी गोष्ट संगत. एकट्याने घरात बसून श्रद्धा जोडायला निघालेला माणूस बहुधा महिन्याभरात थकतो. गावातल्या एकादशीच्या भजनाला जा, आणि मागे भिंतीला टेकून बसू नका. टाळ हातात घ्या. हात गुंतले की 'मला काही वाटतंय का' ही चौकशी आपोआप थांबते. दिंडीत चालायचं असेल तर दोन मुक्काम चाला, सगळी वारी नको.

वहीत फक्त तारीख आणि 'झालं' किंवा 'राहिलं' लिहा. काय वाटलं ते लिहू नका. पेरलेलं रोज उकरून पाहिलं तर उगवत नाही, इथेही तसंच होतं.

या प्रयत्नात बहुतेकांचं काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते माळ आधी घालण्यात. वारकरी पंथाची तुळशीची माळ हा नियम आहे: मांस-मद्य सोडणं, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षातून निदान एक पंढरीची वारी. सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या कीर्तनात भरून येतं आणि माणूस तिथेच माळ घालून घेतो. दोन महिन्यांनी मित्राच्या लग्नात मटणाचं ताट पुढे येतं. माळ खुंटीला जाते, मग गावात चर्चा, मग स्वतःची चीड, आणि शेवटी 'मला देवच नको'. यात देवाचा काही दोष नव्हता, क्रम उलटा झाला होता. आधी वर्षभर नियम पाळून बघा, माळ नंतर.

दुसरं, भरून येण्यालाच विश्वास समजणं. शंभर टाळ एका ठेक्यात वाजले, की अंगावर काटा येतो. तो नास्तिकाच्याही अंगावर येतो. काटा आला म्हणजे पटलंच असं नाही, आणि आला नाही म्हणजे पटलं नाही असंही नाही.

तीन महिन्यांनंतर काय होतं? काहींना खरंच पटायला लागतं, तेही कळत नकळत. एखाद्या दिवशी अडचणीत पहिला विचार तिकडे जातो तेव्हा लक्षात येतं. काहींना पटत नाही पण ती पाच मिनिटं सोडवत नाहीत. आणि काहींना स्वच्छ कळतं की हे आपलं नाही. हे तिसरं उत्तरही उत्तरच आहे.

नवस बोलून देवाची परीक्षा घेतली तर पटेल का?

नाही. हिशोब मांडून पाहा. मुलगा व्हावा म्हणून एक हजार जणांनी नवस बोलला. काहीही न करता त्यातल्या साधारण पाचशे जणांना मुलगा होणारच. ते पाचशे वाजतगाजत येतात, पेढे वाटतात, पाळणा वाहतात. उरलेले पाचशे घरी गप्प बसतात. देवळाच्या पायरीवर उभं राहणाऱ्याला फक्त पहिले पाचशे दिसतात, म्हणून तो देव 'नवसाला पावणारा' ठरतो. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी निष्कर्ष चुकलाय.

(मुलगाच हवा हा नवस आम्हाला मुळातच खटकतो, पण हिशोबाला तेच उदाहरण सोपं पडतं.)

शिवाय नवसावर टांगलेला विश्वास एका निकालावर तुटतो. 'नीटला सीट लागली तर मानीन' म्हणणारं लेकरू विश्वास ठेवत नसतं, सौदा करत असतं. सौदा फिसकटला की आधी जे थोडंफार होतं तेही जातं.

संत आणि धर्म काय म्हणतात? श्रद्धा कमवायची की मिळायची?

जवळपास सगळ्यांनीच ती वाटून घेतलीय. गीतेच्या सातव्या अध्यायात एकविसाव्या श्लोकात भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू 'इच्छितो', त्याची ती श्रद्धा अचल 'मी करतो' असं म्हटलंय. म्हणजे इच्छा माणसाची, पक्केपणा देवाचा. इस्लाममध्ये हनफी परंपरा ईमानाचे दोन भाग सांगते, मनाने खरं मानणं आणि जिभेने कबूल करणं, आणि दीनमध्ये जबरदस्ती नाही असं कुराणच सांगतं. जबरदस्तीने जीभ हलवता येते, मन नाही, हे त्यामागचं साधं कारण. नांदेडच्या हजूर साहिबला येणाऱ्या शिखाला 'नदर' हा शब्द ठाऊक असतो: माणसाने नाम घ्यायचं, कृपेची नजर वरून. ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने श्रद्धेला बुद्धीची क्रिया म्हटलं, पण इच्छेच्या हुकमाने आणि कृपेने हललेली.

आपल्या भागातली एक आख्यायिका इथे चांगली लागू पडते. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. काकांनी मडकी तपासायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले, आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल लागला. मग नामदेवांचं औंढ्या नागनाथाला, गुरू विसोबा खेचरांकडे जाणं झालं. नरसीच्या नामदेवांच्या प्रेमाबद्दल कुणाला शंका होती? तरी मडकं कच्चं निघालं. प्रेम असणं आणि उमजलेलं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि एक पुरेपूर असताना दुसरी अपुरी राहू शकते, हे त्या कथेने सांगून टाकलंय.

माझी श्रद्धा होती, घरात मृत्यू झाला आणि उडाली. परत आणता येईल का?

सुतक फिटायच्या आत कुठलाच ठराव करू नका, 'आता देव मानणार नाही' हाही नाही आणि 'मानलंच पाहिजे' हाही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. 'आम्ही काल त्याला वाजवत पोचवलं आणि आज हे?' हा प्रश्न अशा वेळी उठणारच. पण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात देव अजून आहे. नसलेल्यावर कुणी चिडत नाही. राग म्हणजे अविश्वास नव्हे, आणि रागावलेल्या माणसाला 'देवाची इच्छा' ऐकवणं हे मीठ चोळण्यासारखं आहे. शेजाऱ्यांनी ते टाळावं, डबा घेऊन जावं.

देव्हारा विसर्जित करायची घाई नको. टाक, मूर्ती सुती कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवा, नाहीतर भावाच्या घरी पूजेला द्या. वर्षाने ठरवा. नदीत सोडलेला पिढीजात टाक परत मिळत नाही.

दोन गोष्टी मात्र श्रद्धेच्या म्हणून अंगावर काढू नका. पूजेतलं मन उडालं त्याच सुमाराला जेवणातलं, झोपेतलं, माणसांतलंही उडालं आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त तसंच राहिलं, तर ते नैराश्य असू शकतं. दुसरं, हात जोडले की देवाबद्दल घाणेरडे, शिवीगाळीचे विचार आपोआप येतात, ते धुऊन काढायला माणूस पुन्हा पुन्हा नाव घेतो, पुन्हा पुन्हा आंघोळ करतो. हा नास्तिकपणा नाही आणि पापही नाही, तो मंत्रचळ आहे, आणि त्यावर औषध आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत. तो विचार जोराने दाबला की वाढतो, म्हणून 'जास्त भक्ती कर' हा सल्ला इथे उलटा पडतो. सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

उलट बाजूने: मला देव मानणं ठरवून सोडायचंय. जमेल?

नियम तोच. न पटणंही हुकमावर होत नाही, न मानणं होतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्याला जाहीर केलं १९३५ मध्ये, दीक्षा घेतली नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षं धर्मांचा अभ्यास, तुलना, लेखन. १९५० मध्ये त्यांनी आपल्या संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे त्याला नाव मिळालं मिलिंदचं, म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. आणि बावीस प्रतिज्ञांची भाषा बघा. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव 'मानणार नाही', उपासना 'करणार नाही'. क्रियापदं सगळी माणसाच्या हातातली. पटण्याचं काम आधीच्या एकवीस वर्षांत झालं होतं, प्रतिज्ञा होती ती मानण्याची.

देव न मानणं हे शहरी किंवा इंग्रजी शिक्षणाचं खूळ आहे असं अजूनही ऐकू येतं. चार्वाक सोडा, जैन आणि बौद्ध जगाचा कर्ता मानत नाहीत. जुन्या सांख्यांना ईश्वराची गरज वाटली नाही, आणि यज्ञाचा एवढा काथ्याकूट करणाऱ्या मीमांसकांनीही जगाचा निर्माता नाकारला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पटणं संपल्यावरही सवय बरीच वर्षं टिकते. वेशीवरच्या मारुतीपुढून गाडी गेली की हात आपोआप छातीकडे जातो. त्यावरून 'आत अजून मानतोस बघ' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

मी मानत नाही, पण घरी गोंधळ आहे. बसू की नको?

हजर राहणं, हाताने करणं आणि तोंडाने कबूल करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. बहुतेकांना पहिलीची अडचण नसते. दुसरी जो तो आपापली ठरवतो: ऊस बांधणं, चौकासाठी तांदूळ आणणं, संबळवाल्यांना चहा देणं, दिवटीत तेल घालणं ही कामं न मानणाऱ्यालाही करता येतात. खरी ओढाताण तिसरीत असते, संकल्पात.

बोलायचं ते पंधरा दिवस आधी. चौक भरून झालाय, आराधी आलेत, पाहुणे सतरंजीवर बसलेत, आणि मग 'माझा विश्वास नाही' असं जाहीर करणारा बरोबर असला तरी हरतो. आईला बाजूला घेऊन सांगा: 'आई, मी येणार, सगळं काम करणार. पूजेला दादा-वहिनींना बसव. मला नको बसवू, तोंडदेखलं करायला जिवावर येतं.' बहुतेक आयांना 'येणार' हा शब्द महत्त्वाचा असतो.

लग्नानंतरच्या गोंधळाला मात्र नवरा-नवरीच बसतात, तिथे दादाला पुढे करता येत नाही. म्हणून तुळजापूरला जायचं का, गोंधळ घालायचा का, हे दोघांनी लग्न ठरतानाच बोलून घ्यावं. एकाला मनापासून हवं असेल आणि दुसऱ्याला पटत नसेल, तर शेजारी बसणं ही जोडीदाराची सोबत होऊ शकते, ती देवापुढची कबुली असेलच असं नाही. पण हे दोघांनाही आधी माहीत हवं.

लेकरांना देव मानायला शिकवावं का?

तुम्ही शिकवा न शिकवा, ती बघतात. जोसेफ हेनरिक या अभ्यासकाने २००९ मध्ये मांडलेला मुद्दा असा: समोरचा जे बोलतो त्यापेक्षा त्यासाठी तो स्वतः काय झळ सोसतो, हे पाहून माणूस त्याचा विश्वास उचलतो. आजी निर्जळी एकादशी धरते ते दिसतं. बाप सोफ्यावरून 'जा, पाया पड' म्हणतो तेही दिसतं. शाळेचं म्हणाल, तर शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती पालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे.

एक महाराज म्हणतात, 'माझ्याकडे ये, श्रद्धा बसवून देतो.'

पैसे, एकांत किंवा औषध बंद करायची अट, यांतलं एक जरी आलं तरी उठून या. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पूजा, वारी, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावत नाही. चमत्काराच्या नावाने फसवणूक, भूत काढण्यासाठी मारहाण, दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. तक्रार नेहमीच्या पोलीस ठाण्यातच द्यायची.

देव मानत नाही हे कागदोपत्री कुठे अडतं का?

फारसं नाही. अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो, त्यात न मानणंही आलं. धर्माच्या रकान्यात 'कोणताही नाही' असं सांगण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो पर्याय नसेल तर मात्र खिडकीवर थोडी हुज्जत घालावी लागते, आणि बाबूला तो निकाल बहुधा माहीत नसतो. धार्मिक विधीशिवाय लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे: दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस, आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. साक्षीदारांच्या ओळखपत्राच्या प्रती आधीच काढून ठेवा, नेमकी त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातली लाइट गेलेली असते.

कोर्टात साक्षीला उभे राहिलात तर 'ईश्वराला स्मरून' म्हणायची सक्ती नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे प्रतिज्ञेवर सांगता येतं. पिंजऱ्यात चढण्याआधीच शिरस्तेदाराला सांगा, म्हणजे तो दुसरा मजकूर वाचून दाखवतो.